सीए बदलला, जागा बदलली... पण कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता बदललात का?



प्रायव्हेट लिमिटेड कंपनी सुरू करताना आपल्याकडे एक गोष्ट सर्रास होते. स्वतःचं ऑफिस नसतं, घरमालक कागद द्यायला तयार नसतो, मग सीए किंवा सल्लागार म्हणतो, "काळजी करू नका, सध्या माझ्या ऑफिसचा पत्ता टाकू." काही जण को-वर्किंगवाल्यांकडून वर्षभरासाठी पत्ता घेतात. कंपनी रजिस्टर होते, पेढे वाटले जातात, धंदा सुरू होतो.

दोन वर्षांनी सीए बदलतो किंवा को-वर्किंगचा करार संपतो. तुम्ही नव्या गाळ्यात जाता. गुगल मॅपवर, व्हिजिटिंग कार्डवर, इन्स्टाग्रामवर नवा पत्ता टाकता. सरकारच्या नोंदीत मात्र जुनाच राहतो, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

आजच्या व्हिडिओत हा विषय थोडक्यात घेतलाय. इथे कागद, मुदती आणि आकडे नीट मांडतो. हे पान सेव्ह करून ठेवा.

रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे नक्की काय?

धंदा जिथे चालतो ती जागा आणि रजिस्टर्ड ऑफिस, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कारखाना चाकणला आणि रजिस्टर्ड ऑफिस कोथरूडच्या घरी, असं चालतं. रजिस्टर्ड ऑफिस म्हणजे कायद्याच्या नजरेतली तुमच्या कंपनीची टपालपेटी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे ही जागा अशी हवी, की तिथे आलेलं पत्र कोणीतरी घेईल आणि पोच देईल.

अमेरिकेत हे काम 'रजिस्टर्ड एजंट' करतो. त्या राज्यात पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था फी घेऊन कंपनीच्या वतीने नोटिसा स्वीकारते, आणि एजंट बदलला की राज्याला कळवावं लागतं. आपल्याकडे अशी एजंटची सोय नाही. जबाबदारी थेट कंपनीची, म्हणजे डायरेक्टर म्हणून तुमची.

पत्ता जुना राहिला तर काय बिघडतं?

कलम २० प्रमाणे कंपनीला कागद पाठवायचा तर तो रजिस्टर्ड पत्त्यावर पाठवता येतो. पाठवणाऱ्याने नोंदीतल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवला, की त्याचं काम झालं. "आम्ही तिथे राहत नाही, आम्हाला मिळालंच नाही," हे मग तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन भावांची मसाल्याची कंपनी आहे. सप्लायरला दिलेला चेक परत गेला. सप्लायरचा वकील रजिस्टर्ड पत्त्यावर नोटीस पाठवतो. चेकच्या कायद्यात नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. नोटीस जुन्या सीएच्या ऑफिसात टेबलावर पडून राहिली, की ते १५ दिवस तिथेच संपतात. जे प्रकरण एका फोनवर मिटलं असतं, ते कोर्टात जातं.

दुसरा धोका कंपनी रजिस्ट्रारचा. कंपनी सांगितलेल्या पत्त्यावर नाही असं वाटलं, तर रजिस्ट्रार प्रत्यक्ष येऊन तपासणी करू शकतो. २०२२ पासून त्याचे वेगळे नियम आहेत. दोन स्थानिक साक्षीदारांसमोर पाहणी होते, जागेचा फोटो घेतला जातो. तिथे कंपनी सापडली नाही, तर कंपनीचं नाव नोंदणीतून काढायची कारवाई सुरू होऊ शकते. आणि त्याची नोटीस? तीही त्याच जुन्या पत्त्यावर! एकदा नाव निघालं की बँक खातं अडकतं आणि कंपनी परत जिवंत करायला एनसीएलटीचे उंबरठे झिजवावे लागतात.

तिसरा, दंड. कलम १२ मोडलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना रोज १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख. छोट्या कंपन्या, वन पर्सन कंपन्या आणि स्टार्टअप यांच्यासाठी हा दंड निम्म्यापर्यंत खाली येतो. पण निम्मा तरी कशाला भरायचा?

आधी ठरवा: तुम्ही किती लांब जाताय?

सगळी प्रोसेस याच प्रश्नावर अवलंबून आहे.

१. त्याच शहरात, त्याच गावात: कोथरूडहून बाणेरला, दोन्ही पुणे शहरात. बोर्ड मीटिंगमध्ये ठराव करा, फॉर्म भरा. सगळ्यात सोपा प्रकार.

२. शहराच्या हद्दीबाहेर, पण त्याच रजिस्ट्रारकडे: पुण्याहून पिंपरी-चिंचवडला. तुम्हाला हे एकच शहर वाटतं, पण महापालिका वेगळ्या आहेत. इथे भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. हा ठराव एमजीटी-१४ फॉर्मने ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे द्यायचा.

३. राज्य तेच, पण रजिस्ट्रार वेगळा: मुंबईहून पुण्याला. विशेष ठराव तर हवाच, शिवाय रीजनल डायरेक्टरची मंजुरी, वर्तमानपत्रात जाहिरात, देणेकऱ्यांना नोटीस. काही महिने हातात ठेवा.

४. दुसऱ्या राज्यात: सावंतवाडीहून पेडण्याला. अंतर थोडं असलं तरी राज्य बदललं. कंपनीच्या मेमोरँडममध्ये बदल करावा लागतो आणि केंद्र सरकारतर्फे मंजुरी लागते. हे काम कंपनी सेक्रेटरीला घेऊनच करा.

बहुतेक छोटे उद्योजक पहिल्या दोन प्रकारांत बसतात, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी.

स्टेप बाय स्टेप

स्टेप १: नवी जागा नक्की करा. घराचा पत्ता चालतो का? हो, चालतो. वडिलांच्या नावावर घर असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र घ्या. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाचं ना-हरकत पत्र. सोबत त्या जागेचं वीज, फोन किंवा गॅसचं बिल, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. बिलावरचा पत्ता आणि करारावरचा पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. एकावर 'गाळा नं. ४' आणि दुसऱ्यावर 'शॉप ४, तळमजला' असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

स्टेप २: बोर्डाचा ठराव करा. ठरावात नवा पूर्ण पत्ता, तो कोणत्या तारखेपासून लागू होणार आणि फॉर्मवर सही कोण करणार, हे लिहा. लागू होण्याची तारीख महत्त्वाची, कारण मुदत तिथून मोजली जाते.

स्टेप ३: आयएनसी-२२ फॉर्म भरा. एमसीए पोर्टलवर, बदल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. डायरेक्टरची डिजिटल सही लागते आणि प्रॅक्टिस करणारा सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंट फॉर्म प्रमाणित करतो. फॉर्ममध्ये कंपनीचा ईमेल विचारतात. तिथे सल्लागाराचा नाही, तुमचा ईमेल द्या. पत्ता बदलला आणि ईमेल जुन्या सीएचाच राहिला, तर अर्धंच काम झालं.

फी किती? अधिकृत भांडवल १ लाख ते ५ लाखांच्या आत असेल तर साधी फी ३०० रुपये. उशीर ३० दिवसांपर्यंत झाला तर त्यावर दुप्पट जादा फी, आणि १८० दिवसांच्या पुढे गेला तर १२ पट. म्हणजे ३०० चं काम ३,९०० वर जातं, व्यावसायिकाची फी वेगळी.

स्टेप ४: पाटी लावा. नाव आणि रजिस्टर्ड पत्ता बाहेर स्पष्ट दिसला पाहिजे, आणि तो स्थानिक भाषेतही हवा. हे कंपनी कायद्यातच आहे. म्हणजे महाराष्ट्रात पाटी मराठीत हवीच. पाटीसह बाहेरचा आणि आतल्या ऑफिसचा फोटो काढून ठेवा, कामी येतो. लेटरहेड, बिलं, वेबसाइट, सगळीकडे नवा पत्ता टाका.

स्टेप ५: बाकीच्या खात्यांना कळवा. आयएनसी-२२ भरला म्हणजे सगळीकडे आपोआप बदल होतो, हा गैरसमज काढून टाका. जीएसटी नोंदणीत तोच पत्ता असेल तर तिथे १५ दिवसांत दुरुस्ती टाकायची असते. मग पॅन, टॅन, बँक, उद्यम, शॉप अॅक्ट, आणि खाण्याच्या वस्तूंचा धंदा असेल तर एफएसएसएआय. एका कागदावर यादी करा आणि एकेक टिक मारत जा.

"पण जुना सीए सहकार्य करत नाही..."

इथे बरेच जण अडकतात आणि वर्षभर गप्प बसतात. नीट समजून घ्या: आयएनसी-२२ साठी जुन्या जागेच्या मालकाची परवानगी लागत नाही. कागद नव्या जागेचे लागतात. फॉर्मही दुसरा कोणताही प्रॅक्टिस करणारा व्यावसायिक प्रमाणित करू शकतो.

अडचण येते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या डिजिटल सहीचा यूएसबी टोकन बहुतेक वेळा सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि पोर्टलचा पासवर्डही त्याच्याकडे. ती सही तुमची आहे, चेकबुकावरच्या सहीइतकीच. शांतपणे, लेखी मागा. मिळाली नाही तर नवी डिजिटल सही काढून पोर्टलवर नोंदवा. भांडण करण्यात महिना घालवू नका.

आणि संबंध चांगले असतील तर एक विनंती जरूर करा: "पुढचे काही महिने आमच्या नावाचं काही टपाल आलं तर फक्त फोटो पाठवा." पत्ता बदलतानाच्या काळात कोणाच्या तरी हातून एखादी नोटीस सुटतेच.

एलएलपी असेल तर?

तत्त्व तेच, फॉर्म वेगळा. एलएलपीसाठी फॉर्म १५, मुदत ३० दिवस. प्रोप्रायटरशिपला रजिस्टर्ड ऑफिस हा प्रकारच नाही, पण जीएसटी आणि शॉप अॅक्टमधला पत्ता बदलावाच लागतो.

आजचं होमवर्क

एमसीए पोर्टलवर जा आणि तुमच्या कंपनीचा मास्टर डेटा उघडा. पैसे लागत नाहीत. दोन गोष्टी बघा: पत्ता कोणाचा आहे आणि ईमेल कोणाचा आहे. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज दुपारी त्या पत्त्यावर पोस्टमन नोटीस घेऊन गेला, तर ती संध्याकाळपर्यंत माझ्या हातात पडेल का?

उत्तर 'हो' असेल तर निवांत धंदा करा. 'नाही' असेल तर या आठवड्यातच बोर्ड मीटिंग लावा. आणि तुमच्या ओळखीत कोणी नुकताच सीए बदललेला असेल, तर त्याला हे आजच पाठवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा, कागद सांभाळा!