विश्लेषण : विद्यापीठाचा गाडा कोण ओढते? शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा दिवस नेमका कसा असतो?

निकाल लांबला, गुणपत्रिकेवर आईचे नाव चुकले, पदवी प्रमाणपत्र अडकले, की विद्यार्थी ‘विद्यापीठा’ला बोल लावतात. ते विद्यापीठ म्हणजे बहुतेक वेळा खिडकीपलीकडे बसलेला एक सहायक असतो. त्याच्या टेबलावर दोन माणसांचे काम असते आणि निर्णयाचा अधिकार मात्र तीन पायऱ्या वर असतो. जून-जुलैमध्ये निकाल, पुनर्मूल्यांकन आणि प्रवेश हे तिन्ही एकाच वेळी येऊन आदळतात. या दिवसांत विद्यापीठाच्या आवारात काम करणाऱ्यांचा दिवस कसा जातो आणि त्यांच्या प्रश्नांचा आपल्या निकालाशी काय संबंध, ते पाहू.

शिक्षकेतर म्हणजे कोण कोण?

शब्दच मुळात नकारात्मक आहे. जो शिक्षक नाही, तो शिक्षकेतर. त्यात कुलसचिव कार्यालयातला कनिष्ठ सहायक येतो, प्रयोगशाळा परिचर येतो, ग्रंथालयात पुस्तके जागेवर लावणारा येतो, वायरमन, प्लंबर, माळी, चालक, वसतिगृहाचा पहारेकरी, मुद्रणालयातला कामगार, आरोग्य केंद्रातली परिचारिका, असे सगळे येतात. पुणे विद्यापीठात त्यांच्यासाठी ‘सेवक’ हा शब्द जुन्या काळापासून रुळला आहे. राहण्याच्या जागेला सेवक वसाहत म्हणतात. काहींना हा शब्द आपुलकीचा वाटतो, तर नव्या पिढीतल्या काहींना तो खटकतो.

कार्यालयातली उतरंड अशी : सहायक, त्यावर सहायक कक्षाधिकारी, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि सर्वात वर कुलसचिव. परीक्षांची सूत्रे परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे, तर पैशांची वित्त व लेखा अधिकाऱ्याकडे. ही रचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये आहे. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला.

दिवस कधी सुरू होतो?

उदाहरणादाखल गणेशखिंडीतले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेऊ. आवार सुमारे ४११ एकरांचे. पहाटे इथे सर्वात आधी दिसतात ते फिरायला येणारे पुणेकर. त्यांच्याही आधी आलेले असतात रात्रपाळी संपवणारे सुरक्षारक्षक आणि झाडू घेतलेल्या महिला. वडाच्या झाडांखाली किती पाने पडतात, हे झाडणाऱ्यालाच ठाऊक. पावसाळ्यात साप निघतो, मग सर्पमित्राला फोन जातो. वसतिगृहात पाणी चढत नसेल तर त्याची पहिली हाक अभियांत्रिकी विभागाला, म्हणजे व्यवहारात पंपावरच्या एका माणसाला.

विभाग उघडतो तो परिचर. सुरक्षा कक्षातून किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा, नोंदवहीत सही करायची, खिडक्या उघडायच्या, पाणी भरायचे. प्रयोगशाळेत परिचराचे काम आदल्या दिवशीच सुरू झालेले असते. द्रावणे तयार आहेत का, काचेची उपकरणे धुतली आहेत का, धूर खेचणारा पंखा चालतो का, हे पाहिल्याशिवाय प्राध्यापकांचे प्रात्यक्षिक उभे राहत नाही. पंचवीस-तीस वर्षे एकाच प्रयोगशाळेत काढलेल्या परिचराला कोणते यंत्र कोणत्या हवेत रुसते हे पाठ असते. तो निवृत्त झाला की ही माहिती त्याच्याबरोबर जाते, कारण ती कुठेही लिहिलेली नसते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. विद्यापीठाची मुख्य इमारत ही पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती. बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला, तो याच इमारतीतला राणी व्हिक्टोरियाचा हीरक महोत्सवी समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर. इमारतीखाली एक भुयार आहे. स्वयंपाकघरातून जेवण घेऊन येणारे नोकर पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ते वापरले जाई, असे सांगतात. १९४९ मध्ये इथे विद्यापीठ आले, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. भुयाराचा वापर संपला, काम करणारे नजरेआड राहण्याची रीत मात्र पूर्ण गेली असे म्हणवत नाही.

साधी फाइल इतका वेळ का घेते?

समजा, नाशिककडच्या एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेत आडनाव चुकले. पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्ह्यांचे. ती पहाटेच्या एसटीने दोनशेहून जास्त किलोमीटर येते. खिडकीवर अर्ज देते. अर्जाला आवक क्रमांक पडतो. सहायक मूळ नोंद शोधतो. चूक महाविद्यालयाने भरलेल्या अर्जात आहे की विद्यापीठाच्या नोंदीत, हे आधी ठरते. मग टिप्पणी लिहिली जाते, ती कक्षाधिकाऱ्याकडे, तिथून सहायक कुलसचिवांकडे. चूक महाविद्यालयाची निघाली तर प्राचार्यांचे पत्र लागते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरते.

विद्यार्थिनीला दिसतो तो फक्त ‘दोन दिवसांनी या’ म्हणणारा माणूस. त्यात अनेकदा टाळाटाळ असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका वाक्यात सांगता येणारे कागद तीन फेऱ्यांत सांगणारे कर्मचारी प्रत्येक आवारात आहेत. पण त्या टेबलावरच्या माणसाला स्वतःच्या सहीने एक अक्षर बदलता येत नाही, हेही तितकेच खरे. नोंदीत सहज बदल करता आला असता, तर बनावट गुणपत्रिकांना मोकळे रान मिळाले असते.

ऑनलाइन व्यवस्थेने फेऱ्या कमी केल्या, काम मात्र तितके कमी झाले नाही. अर्ज पोर्टलवर येतो, पण कित्येक ठिकाणी त्याची छापील प्रतही फाइलला लागते. म्हणजे एकच नोंद दोनदा.

परीक्षा विभागात नेमके काय चालते?

विद्यापीठाचा खरा ताण इथे आहे. लोकांना वाटते, पेपर तपासला की निकाल लागला. मधल्या पायऱ्या पाहा.

परीक्षेच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन पाठवली जाते आणि केंद्रावर छापली जाते. परीक्षा सुरू होण्याआधीचा तो वेळ म्हणजे इंटरनेट, छपाई यंत्र आणि माणूस या तिघांची परीक्षा. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका मोजायच्या, गैरहजर विद्यार्थ्यांशी ताळा घालायचा, गठ्ठे बांधून सील करायचे, मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात म्हणजे बोलीतल्या ‘कॅप’ला पोहोचवायचे. तिथे विद्यार्थ्याची ओळख झाकायची, सांकेतिक क्रमांक द्यायचा, गठ्ठे परीक्षकांना वाटायचे, परत घ्यायचे, फेरतपासणी झालेले वेगळे काढायचे, गुण संगणकात चढवायचे, मग पुन्हा पडताळायचे. एक पान चिकटून राहिले किंवा एक अंक उलटा पडला, तर एखाद्याचा निकाल राखीव जातो.

हिशेब सोपा आहे. पाच लाख विद्यार्थी आणि प्रत्येकी सहा पेपर धरले, तर एका सत्रात तीस लाख उत्तरपत्रिका. वर्षात सत्रे दोन. त्यात मागील विषय राहिलेले विद्यार्थी, जुना अभ्यासक्रम, नवा अभ्यासक्रम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांक, मुख्य विषय, गौण विषय अशा जोड्या वाढवल्या. विद्यार्थ्याला निवड मिळाली, ती चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक जोडीमागे वेळापत्रकात, प्रश्नपत्रिकेत आणि गुणनोंदीत एक ओळ वाढते आणि ती ओळ कोणीतरी भरत असतो.

कायदा सांगतो, निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावावा. मुदत चुकली की काय होते, हे २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने दाखवून दिले. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, परदेशी आणि पदव्युत्तर प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या दिवसांत कलिना येथील परीक्षा भवनाबाहेर रोज संतप्त विद्यार्थी असत. निर्णय ज्यांनी घेतला नव्हता, उत्तरे मात्र त्यांनाच द्यावी लागत होती.

जेवणाची सुट्टी, पतसंस्था आणि बाकी संसार

दुपारी डबे उघडतात. भाज्यांची देवाणघेवाण होते, मुलीच्या दहावीची चर्चा होते, भिशीचा नंबर कोणाला लागला ते कळते. पगारातून कापून जाणाऱ्या पतसंस्थेच्या हप्त्यावर कित्येकांच्या घराचे छप्पर आणि मुलांची फी उभी आहे. तातडीचे कर्ज मिळते ते तिथेच. विद्यापीठाच्या आवारात वाढलेली, तिथेच शिकलेली आणि पुढे तिथेच प्राध्यापक झालेली परिचरांची मुलेही आहेत. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून विभागात दोन-तीन तास काम करणारा विद्यार्थी याच टेबलांवर पहिल्यांदा फाइल बांधायला शिकतो.

एकच काम, दोन पगार?

सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात शिपाई पदाचे मूळ वेतन १५,००० रुपयांपासून आणि कनिष्ठ लिपिकाचे १९,९०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. हे झाले कायम कर्मचाऱ्याचे. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा बऱ्याचदा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याची नेमणूक अकरा महिन्यांची किंवा निविदा असेपर्यंतची. सुरक्षा आणि सफाई तर जवळपास पूर्णच ठेक्यावर गेली आहे. ठेकेदार बदलला की माणसे तीच राहतात, फक्त गणवेशाचा रंग बदलतो आणि सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते.

यामागचे कारण पैशाइतकेच कागदाचेही आहे. पदे किती, हे ठरवणारा आकृतिबंध शासनाने मंजूर करावा लागतो. तो रखडला की भरती रखडते. निवृत्ती मात्र थांबत नाही. दर महिनाअखेरीस कोणीतरी नारळ, शाल घेऊन घरी जातो आणि त्याचे टेबल शेजाऱ्याला जोडले जाते. राज्य सरकारने २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत भरतीसाठी नऊ संस्था नेमणारा शासन निर्णय काढला होता. विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. विद्यापीठांतले आधीपासूनचे ठेके त्यामुळे संपले नाहीत.

ठेक्यावरच्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातले. भविष्यनिर्वाह निधीत कर्मचाऱ्याचे १२ टक्के कापले जातात, तितकेच मालकानेही भरायचे असतात. ते भरले की नाही, हे मोबाइलवर पाहता येते. पगाराची पावती मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

संप कशासाठी होतात?

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप पुकारला. अनेक परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मागण्यांत आश्वासित प्रगती योजना वरच्या क्रमांकावर होती. पदोन्नतीची जागाच नसेल तर १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर निदान वरची वेतनश्रेणी मिळावी, असा तिचा अर्थ. सहायक म्हणून लागून सहायक म्हणूनच निवृत्त होणाऱ्यासाठी हा प्रश्न मानाचाही आहे. त्याशिवाय रिक्त पदांची भरती आणि जुनी निवृत्तिवेतन योजना. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी योजना नाही. त्यामुळे एकाच खोलीत, एकाच पदावर, पण वेगवेगळ्या म्हातारपणाकडे निघालेली दोन माणसे बसलेली असतात.

संपाचा पहिला फटका विद्यार्थ्याला बसतो, हे संघटनांनाही माहीत असते. परीक्षेच्या तोंडावर काम बंद झाल्याशिवाय मंत्रालयात बैठक लागत नाही, असा त्यांचा अनुभव. विद्यार्थ्याने या भांडणात काय करावे, याचे उत्तर दोन्ही बाजूंकडे नाही.

आपले काम अडले तर?

अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फोटो काढून ठेवा. चूक महाविद्यालयाच्या नोंदीतली आहे का, हे आधी महाविद्यालयातच विचारा, निम्म्या फेऱ्या तिथे वाचतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने आपली फाइल कोणत्या टेबलावर आहे, हे विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची. आणि शक्य असेल तर शनिवार, सोमवार आणि महिनाअखेर टाळून जा.

संध्याकाळी खिडकी बंद होते. परिचर दिवे मालवून, कुलूप ओढून पाहतो आणि किल्ल्या सुरक्षा कक्षात जमा करून वहीत वेळ लिहितो. निकालाच्या दिवसांत एक-दोन किल्ल्या मात्र फळ्यावर परत आलेल्या नसतात. मूल्यमापन केंद्रात गुणांची पडताळणी चालू असते आणि रात्रपाळीचा रक्षक तिकडच्या चहाचे कप मोजून आणायला निघतो.