कँटनच्या वाटा : ग्वांगचौ नगराचा इतिहास आणि तेथे पोहोचण्याचे मार्ग

प्रस्तावना

दक्षिण चीनमधील ग्वांगतुंग प्रांताची राजधानी असलेले ग्वांगचौ हे नगर जगाला दीर्घकाळ 'कँटन' या नावाने परिचित होते. पोर्तुगीजांनी प्रांताच्या नावाचा आपल्या जिभेला जमेल तसा उच्चार केला आणि तोच नगराला चिकटला. त्यांच्याही पूर्वी अरब व्यापारी या नगरास 'खान्फू' म्हणत. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने या नगरास आपले नाव दिले, ही गोष्ट त्याच्या स्वरूपाची निदर्शक आहे.

चिनी नगरांचा इतिहास सामान्यतः राजघराण्यांच्या क्रमाने सांगितला जातो. ग्वांगचौच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. साम्राज्याच्या राजधान्या येथून फार दूर, उत्तरेस होत्या. या नगराचे भवितव्य प्रामुख्याने तेथे पोहोचण्याच्या वाटांनी घडविले. परका मनुष्य कोणत्या ऋतूत आला, कोणत्या मार्गाने आला आणि त्याला वेशीच्या आत घेतले गेले की बाहेरच थांबविले गेले, या प्रश्नांच्या उत्तरांतून नगराचा दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडतो. प्रस्तुत लेखात याच अंगाने त्याचा विचार केला आहे.

डोंगराची वाट

ग्वांगचौच्या उत्तरेस नानलिंग पर्वतरांगा आहेत. या रांगांमुळे दक्षिणेचा हा प्रदेश यांगत्सेच्या खोऱ्यापासून तुटल्यासारखा होता. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात छिन सम्राटाच्या सैन्याने हा प्रदेश जिंकला, तेव्हा रसद पोहोचविण्यासाठी लिंगछू कालवा खोदण्यात आला. यांगत्सेला मिळणारी श्यांग नदी आणि दक्षिणेकडे वाहणारी ली नदी या कालव्याने जोडल्या गेल्या. इ. स. पू. २१४ मध्ये येथे नानहाय हा प्रशासकीय विभाग स्थापन झाला व फानयू हे त्याचे ठाणे ठरले. हेच पुढचे ग्वांगचौ. छिन सत्ता कोसळताच तेथील सेनाधिकारी झाओ तुओ याने डोंगरातील खिंडी बंद केल्या आणि नानयुए हे स्वतंत्र राज्य उभारले. वाट अडविली की राज्य उभे राहते, हे त्याने पुरते ओळखले होते. इ. स. पू. १११ मध्ये हान सैन्याने ते राज्य संपविले.

या राज्याच्या दुसऱ्या राजाची कबर १९८३ मध्ये नगराच्या मध्यभागी बांधकामासाठी टेकडी खोदताना सापडली. रेशमी धाग्याने गुंफलेल्या जेड पाषाणाच्या तुकड्यांचे वस्त्र राजाच्या देहावर होते. त्याहून महत्त्वाच्या वस्तू म्हणजे पश्चिम आशियाई घडणीची चांदीची डबी, हस्तिदंत आणि ऊद. डोंगराची वाट बंद असताना समुद्राची वाट उघडी होती, याचा हा पुरावा होय.

डोंगराची वाट खऱ्या अर्थाने रुळली ती थांग काळात. इ. स. ७१६ मध्ये, याच प्रांतात जन्मलेल्या झांग जिउलिंग या मंत्र्याने मेइलिंग खिंडीतील रस्ता फोडून रुंद केला. गलबतातून उतरलेला माल नदीने वर जाई, हमाल तो खांद्यावरून खिंडीपार नेत आणि पलीकडे गान नदीत पुन्हा नावा मिळत. एक हजार वर्षांहून अधिक काळ दक्षिणेचा व्यापार या एका खिंडीच्या भरवशावर चालला. ब्रिटिश वकील मॅकार्टनी याने १७९३ मध्ये ग्वांगचौ टाळून थेट उत्तरेच्या समुद्रातून राजधानी गाठली. त्याच्या मागण्या फेटाळून सम्राटाने त्याला परत पाठविले, ते याच खिंडीतून ग्वांगचौला.

वाऱ्याच्या स्वाधीन

समुद्राची वाट मोसमी वाऱ्यांच्या हाती होती. उन्हाळ्यातील नैर्ऋत्य वारे गलबतांना चीनकडे आणीत आणि हिवाळ्यातील ईशान्य वारे त्यांना परत नेत. वारा चुकला तर वर्ष वाया जाई, प्रसंगी दिशाच बदले. भारतातून परतणारा फाहियान जावाहून ग्वांगचौकडे निघाला होता. वादळामुळे त्याचे जहाज थेट उत्तरेकडील शानतुंगच्या किनाऱ्यास लागले.

उज्जयिनीच्या परमार्थाची कथा याच्या नेमकी उलट आहे. हा बौद्ध पंडित इ. स. ५४६ मध्ये ग्वांगचौच्या परिसरात उतरला. पुढील वर्षे त्याने राजकीय धामधुमीत भटकत ग्रंथांची भाषांतरे करण्यात घालविली. अखेरीस स्वदेशी जाण्यासाठी तो गलबतावर चढलाही, परंतु वाऱ्याने त्याला परत ग्वांगचौलाच आणून सोडले. तेथेच त्याने वसुबंधू व असंग यांच्या ग्रंथांची भाषांतरे केली आणि इ. स. ५६९ मध्ये तेथेच देह ठेवला. चिनी बौद्ध विचाराच्या इतिहासात या भाषांतरांचे स्थान मोठे आहे, आणि त्याचे काही श्रेय प्रतिकूल वाऱ्यास द्यावे लागते. इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये याच बंदरातून इराणी गलबताने निघाला आणि श्रीविजयमार्गे भारतात पोहोचला.

नगराच्या पूर्वेस, नदीकाठी दक्षिण समुद्राच्या देवतेचे मंदिर आहे. त्याची स्थापना इ. स. ५९४ मधील. येणारी व जाणारी गलबते येथे पूजा करीत. मंदिरात समुद्राकडे दृष्टी लावून उभ्या असलेल्या एका परदेशी पुरुषाची मूर्ती आहे. आख्यायिका अशी की, हा भारताकडून आलेला प्रवासी होता. त्याने बरोबर आणलेले फणसाचे बी मंदिराच्या आवारात लावले. त्या नादात वेळ गेला आणि गलबत त्याला सोडून निघून गेले. तो किनाऱ्यावर वाट पाहत उभा राहिला व तेथेच त्याची शिळा झाली. लोक या मंदिरास फणसाच्या चिनी नावावरून 'बोलुओ मंदिर' म्हणतात. कोकणच्या वाचकास हा तपशील विशेष वाटावा.

थांग काळात परदेशी व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र वस्ती होती. तेथे त्यांचे स्वतःचे प्रमुख असत आणि आपसातील तंटे ते आपल्या रीतीने सोडवीत. हुआईशंग मशिदीचा मनोरा आजही त्या वस्तीची खूण सांगतो. मात्र ही सुरक्षितता ठिसूळ होती. इ. स. ८७९ मध्ये हुआंग छाओ या बंडखोराने नगर लुटले आणि परदेशीयांची कत्तल केली. अरब लेखक अबू झैद याने मृतांचा आकडा १,२०,००० दिला आहे. तो अतिशयोक्त असण्याचीच शक्यता अधिक, तथापि दूर इराणच्या आखातात या घटनेने उडालेली घबराट त्यातून कळते.

वेशीबाहेरच्या तेरा वखारी

मुंबईच्या इतिहासाशी ग्वांगचौचा सर्वांत निकटचा संबंध आला तो अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत. १७५७ मध्ये छिएनलुंग सम्राटाने पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित केला. युरोपीय गलबताला आधी मकाव येथे वाटाड्या व परवाना घ्यावा लागे. तेथून हूमेन, म्हणजे 'व्याघ्रद्वार' या तोफांनी संरक्षित अरुंद मुखातून ते पर्ल नदीत शिरे. मोठी गलबते हुआंगफू येथेच नांगर टाकीत. तेथे त्यांचे मोजमाप होऊन कर ठरे. उरलेले सुमारे २० किलोमीटर अंतर लहान होड्यांनी कापावे लागे, आणि एवढे करूनही प्रवासी नगरात पोहोचत नसे. नगराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीवर तेरा वखारी होत्या. तेवढीच जागा त्याच्यासाठी मोकळी होती.

तेथील नियम कडक होते. परदेशी स्त्रियांना वखारीत आणण्यास मनाई होती. शस्त्रे बाळगता येत नसत. व्यापाराचा हंगाम संपताच मकावला परतावे लागे. सर्व व्यवहार 'हाँग' व्यापाऱ्यांच्या परवानाधारक मंडळामार्फत चाले आणि परदेशीयाच्या वर्तनास व कर्जास हेच व्यापारी जबाबदार धरले जात. ही व्यवस्था पाश्चात्त्य लेखकांनी जुलमी ठरविली आहे. परंतु परक्यांशी व्यापार हवा आणि त्यांची सत्ता नको, अशी भूमिका घेणाऱ्या राज्यास दुसरी कोणती रीत सुचली असती, हा प्रश्न बंगालचा अनुभव पाहता गैरलागू नाही. १७५७ हेच प्लासीच्या लढाईचेही वर्ष होते.

मुंबईहून येणाऱ्या गलबतांत प्रथम प्रामुख्याने गुजरातचा कापूस असे. पुढे माळव्याच्या अफूने त्यास मागे टाकले. अफूवर चीनमध्ये बंदी होती. म्हणून ती हुआंगफूपर्यंत न नेता नदीमुखाशी लिंगदिंग बेटाजवळ उभ्या तरंगत्या गोदामांत उतरविली जाई आणि चिनी तस्कर वेगवान वल्ह्यांच्या नावांतून ती आत नेत. अधिकृत वाटेवर इतके पहारे बसविणाऱ्या राज्याला वाट चुकवून येणाऱ्या मालाने हरविले.

या व्यापारातील एक अग्रणी म्हणजे जमशेटजी जीजीभाई. त्यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. १८०५ मध्ये त्यांचे 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हा शल्यवैद्य होता. पुढे जार्डिनची पेढी कँटनमध्ये आणि जमशेटजींची मुंबईत, अशी ही भागीदारी कापूस व अफू यांवर फळाला आली. मुंबईतील ज्या रुग्णालयास व कलाशाळेस त्यांचे नाव आहे, त्यांमागील संपत्तीचा मोठा भाग या नदीवाटेने आला होता. त्या दातृत्वाची थोरवी मान्य करतानाच, या पैशाची किंमत ग्वांगतुंगच्या खेड्यापाड्यांतील व्यसनाधीन कुटुंबांनी मोजली हेही नमूद करणे आवश्यक आहे. मराठी लेखनात ही दुसरी बाजू क्वचितच येते. हुआंगफूनजीकच्या चांगचौ बेटावर पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. दखमा नसलेल्या परमुलखात त्यांना आपल्या मृतांना मातीत ठेवावे लागले.

१८३९ मध्ये सम्राटाचा आयुक्त लिन झशू ग्वांगचौला आला. त्याने वखारी वेढून २०,००० हून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली आणि जून महिन्यात हूमेन येथे चुना व मीठ घातलेल्या पाण्याच्या खड्ड्यांत ती नष्ट केली. युद्ध झाले व १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरे खुली झाली. ग्वांगचौची मक्तेदारी संपली आणि व्यापार क्रमाने शांघाय व हाँगकाँगकडे वळला. तरीही वेस उघडली नाही. तहाचा इंग्रजी अर्थ काहीही असो, तटाच्या आत परक्यास येऊ द्यावयाचे नाही यावर स्थानिक जनता व अधिकारी ठाम राहिले. १८५६ मध्ये वखारी जळाल्या. १८५७ च्या डिसेंबरअखेर इंग्रज-फ्रेंच सैन्याने तोफांच्या बळावर नगरात प्रवेश केला व १८६१ पर्यंत ते तेथे ठाण मांडून होते.

तट पडल्यानंतर

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस तट पाडून त्या जागी रस्ते करण्याचे काम सुरू झाले. परक्यांनी नव्हे, नगराच्याच प्रशासनाने ते पाडले. १९११ मध्ये कौलूनपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली आणि १९३६ मध्ये हांकौपर्यंतची. नानलिंगचा अडथळा रेल्वेने ओलांडला व मेइलिंगची खिंड ओस पडली.

भारताचे वैद्यकीय पथकही येथूनच चीनमध्ये शिरले. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेल्या या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे चोळकर होते. हाँगकाँगमार्गे १७ सप्टेंबर रोजी ते ग्वांगचौला पोहोचले. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. ज्या नदीवाटेने मुंबईची अफू गेली होती, तेथे शंभर वर्षांनंतर महाराष्ट्रातील वैद्य औषधे घेऊन आले. पथक उत्तरेकडे रवाना झाले आणि २१ ऑक्टोबर रोजी जपानी सैन्याने ग्वांगचौ घेतले. महिनाभर उशीर झाला असता तर ही वाट बंद झाली असती.

१९४९ च्या सत्तांतरानंतर परदेशी व्यापार आक्रसला, तेव्हाही नव्या राज्याने एक दार ठेवले ते येथेच. १९५७ पासून वसंत व शरद ऋतूंत येथे निर्यात मेळा भरतो. परदेशी व्यापाऱ्याने ठरावीक हंगामात यावे, सौदे करावेत व परतावे, ही जुन्या वखारींची रीत त्याच्या आरंभीच्या दशकांत ओळखीची वाटते.

अलीकडच्या काळात वाटा इतक्या झाल्या आहेत की मोसमी वाऱ्याचा प्रश्नच उरलेला नाही. २००४ मध्ये नवा बाययुन विमानतळ सुरू झाला, २००९ मध्ये वूहानपर्यंतची अतिजलद रेल्वे आणि २०१८ मध्ये हाँगकाँगपर्यंतची. भारत व चीन यांच्यातील थेट विमानसेवा २०२० मध्ये थांबली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पहिले भारतीय विमान कोलकात्याहून ग्वांगचौला गेले. समुद्रदेवतेच्या मंदिरापाशी २०१७ पासून भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. गाळाने नदीचे पात्र दूर सरकले असल्याने फणस लावणाऱ्या त्या प्रवाशाच्या मूर्तीसमोर आता गलबतांचा धक्का नाही. उत्खननात सापडलेल्या जुन्या धक्क्यांचे दगड तेवढे आवारात जपून ठेवलेले आहेत.