पोरं खदाखदा हसली म्हणजे पुस्तक वाया गेलं नाही : विनोदी बालपुस्तकं मुलं एकमेकांना का सांगतात, आणि ती गावात कशी मिळतील

गावातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडून बघा. काही पुस्तकं कोरी करकरीत असतात, वास घेतला तर अजून छापखान्याचा वास येतो. आणि दोन-चार पुस्तकं अशी असतात की मुखपृष्ठ गेलेलं, पानं चिकटपट्टीनं जोडलेली, कोपरे मळून काळे झालेले. ही फाटकी पुस्तकं कुठली ते पाहिलं तर बहुतेक वेळा त्यात भुताची तरी गोष्ट निघते, नाहीतर हसवणारी. मुलांची शिफारस हीच. ती कागदावर लिहून देत नाहीत, पुस्तक फाडून देतात म्हणा ना!

मोठ्या माणसाची शिफारस वेगळी असते. आपण मुलाला पुस्तक देताना म्हणतो, "हे वाच, चांगलं आहे, यातून शिकायला मिळेल." मूल दुसऱ्या मुलाला असं कधीच सांगत नाही. ते म्हणतं, "ए, हे बघ, लई भारी आहे. त्यो माणूस कसा पडतो बघ." मग पुस्तक उघडून थेट तेच पान काढतं. समोरचा हसला की त्याला पुढचं-मागचं कळायला हवं असतं, म्हणून तो पुस्तक घरी नेतो. हसवणारा मजकूर असा एका पानावरून दुसऱ्याच्या दप्तरात जातो. गंभीर गोष्टीचं तसं होत नाही, कारण ती पूर्ण सांगावी लागते. विनोद मात्र दोन ओळींत सांगता येतो, आणि सांगणाऱ्याला लगेच मान मिळतो. वर्गात अभ्यासात मागे असलेलं पोरगंसुद्धा गमतीची गोष्ट सांगताना सगळ्यांच्या पुढे असतं.

वयाप्रमाणे हसण्याची जागा बदलते, हे पुस्तक निवडताना लक्षात ठेवायला हवं. चार-पाच वर्षांच्या मुलाला उलटंपालटं आवडतं. म्हशीनं चप्पल घातली, कोंबडा भुंकला की ते हसतं, कारण खरं काय असतं ते त्याला नुकतंच कळलेलं असतं आणि पुस्तक चुकलं हे आपल्याला कळलं याचा त्याला आनंद असतो. दुसरी-तिसरीत गेल्यावर शब्दांच्या कोट्या आणि कोडी सुरू होतात. हेच कोडं ते घरातल्या प्रत्येकाला दहादा घालणार, तेव्हा वैतागू नये. पाचवीच्या पुढे मात्र मुलांना आपल्यासारखंच कुणीतरी फजितीत सापडलेलं वाचायला आवडतं. शाळेत मार खाणारं, घरी खोटं पकडलं गेलेलं, मोठ्यांचं ऐकून फसलेलं. तेव्हा पाचवीच्या मुलीला ससा-कासवाची गोष्ट देऊन "ही वाचतच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

मराठीत अशी पुस्तकं आहेत का? भरपूर आहेत, पण गावापर्यंत पोचलेली कमी. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे घ्या. टीव्हीवरचे आणि नाटकातले प्रभावळकर सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या या खोडकर, धडपड्या पोराच्या पुस्तकांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नाव वाचूनच पोरं हसतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्याही आधीचा. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे पुण्याला शिकायला येतो आणि जिथं जाईल तिथं भानगडीत सापडतो. पुस्तकं साहसाची आहेत, पण भागवतांची भाषाच अशी मिश्किल की रहस्य वाचता वाचता हसू येतं. २०१७ साली त्यावर सिनेमा आला, तेव्हा अनेक मुलांनी पुस्तक नंतर मागितलं. उलटा रस्ता झाला, पण रस्ता झाला.

ज्या मुलांना वाचताना अडखळायला होतं त्यांच्यासाठी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सगळ्यात सोपा. १९९१ पासून वर्तमानपत्रात येऊ लागलेल्या या चित्रमालिकेचे संग्रह पुस्तकरूपात मिळतात. तीन-चार चौकटी, प्रत्येकीत एक-दोन वाक्यं, आणि शेवटच्या चौकटीत हसू. वाचलं नाही तर विनोद कळत नाही, म्हणून पोरगं अक्षर जुळवत का होईना शेवटपर्यंत जातं. 'असर'च्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतंय की पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. अशा मुलाला जाड पुस्तक दिलं तर ते पहिल्या पानावरच मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. हसवणाऱ्या पुस्तकाचा खरा उपयोग इथं आहे. एकच गंमत मूल पाच-सहा वेळा वाचतं, आधी स्वतः, मग भावाला, मग शेजारच्या पोराला दाखवून. वाचनाचा सराव म्हणजे दुसरं काय असतं? धडा सहा वेळा वाचायला सांगितला तर रडारड होते.

लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आवर्जून बघावीत. त्या लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांच्या 'राधाचं घर'मध्ये ठरवून केलेले विनोद नाहीत. घरातली माणसं जशी वागतात तशीच दाखवलीत, आणि मुलांना ती ओळखू येतात म्हणून हसू येतं. विंदा करंदीकर म्हटलं की आपल्याला ज्ञानपीठ आठवतं, पण याच माणसानं 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' लिहिलं. भुताला घाबरणारी पोरं इथं भुतांना हसतात. रात्री वस्तीवरून परसाकडे जाताना भिणाऱ्या पोराला हे पुस्तक दिलं तर कदाचित भीतीही थोडी उतरेल.

आता एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. यातली बरीच पुस्तकं शहरातली आहेत. सोसायटी, गॅलरी, रिक्षा, शाळेची बस. मळ्यातल्या पोराला ती कळतात, पण तो त्यात नसतो. ही भूक मोठ्यांच्या साहित्यातून थोडी भागते. द. मा. मिरासदार मूळचे अकलूजचे. त्यांच्या 'व्यंकूची शिकवणी' आणि 'माझ्या बापाची पेंड' या कथा आठवीच्या पुढची मुलं आरामात वाचू शकतात. गावाकडचे इरसाल लोक, शाळेतले मास्तर, पारावरच्या गप्पा, सगळं ओळखीचं. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं होतं. घरातल्या आजोबांना विचारा, त्यांनी कदाचित ऐकलेलं असेल. अशी कथा घरी मोठ्यानं वाचली तर तीन पिढ्या एकदम हसतात. फक्त आधी स्वतः वाचून घ्यावी, सगळ्याच कथा मुलांच्या नाहीत.

जपानची एक गोष्टही या यादीत हवीच. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान', मूळ पुस्तक १९८१ चं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलाय आणि नॅशनल बुक ट्रस्टनं छापलाय. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत जाते. एकदा तिचं आवडतं पाकीट संडासात पडतं. ती चक्क लांब दांड्याचं डबकं घेऊन टाकीतला मैला बाहेर उपसत बसते. मुख्याध्यापक येतात, ढीग बघतात आणि एवढंच विचारतात की झाल्यावर परत आत टाकशील ना? पाकीट काही सापडत नाही. हा प्रसंग वर्गात वाचला की मुलं नाक धरून हसतात, आणि नंतर आपले सर असं वागले असते का याची चर्चा सुरू होते. हे पुस्तक मुलांइतकंच शिक्षकांनी वाचावं असं आहे.

हसवणारं सगळंच द्यावं असंही नाही. एखाद्याचा रंग, जाडेपणा, तोतरेपणा, जात यावर हसवणारी पुस्तकं आणि चुटक्यांचे संग्रह बाजारात, एसटी स्टँडवर स्वस्तात मिळतात. पुस्तकातला तोतऱ्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या खऱ्या पोराला चिकटतो आणि मग ते पोरगं शाळेत यायला टाळाटाळ करतं. निवडताना एवढंच बघावं की हसू कुणावर आहे. राजा, सावकार, मास्तर, भूत, मोठी माणसं यांची फजिती झाली तर बिघडत नाही. बिरबल, तेनालीराम यांच्या गोष्टी शेकडो वर्षं टिकल्या त्या याच कारणानं, तिथं लहान माणूस मोठ्याला जिंकतो.

कपाटाची किल्ली

पुस्तकं असूनही मुलांच्या हातात का येत नाहीत? याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी कुलपात आहे. शाळेतलं पुस्तक साठा नोंदवहीत असतं. हरवलं, फाटलं तर हिशेब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. तेव्हा पुस्तक सुरक्षित ठेवायचं तर कपाट बंद, हा सोपा मार्ग. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं निघतात, फोटो होतात आणि संध्याकाळी परत आत जातात. शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात. वापरून फाटलेलं पुस्तक ही नासधूस नाही असा ठराव समितीनं केला तर मुख्याध्यापकांना बोलायला आधार मिळतो.

किल्ली मोकळी झाली की पुढचं काम पोरंच करतात. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा. वाचलेल्या मुलानं त्यावर आपलं नाव आणि जिथं सगळ्यात जास्त हसू आलं ते पान लिहायचं. बास. सारांश नको, बोध नको. "या गोष्टीतून काय शिकलास?" हा प्रश्न तर पहिले काही महिने बंदच ठेवावा. विनोद समजावून सांगितला की मरतो, आणि त्यावर प्रश्न विचारले की पुस्तक पुन्हा धड्यासारखं होतं.

मोबाईलवर फुकट काय मिळतं

पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत ही खरी गोष्ट आहे. त्यावर दोन चांगल्या सोयी आहेत. पहिली, प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. २०१५ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. पुस्तकांना पातळी १ ते ४ असे क्रमांक दिलेत, त्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला कुठून सुरुवात करायची ते कळतं. रोहिणी निलेकणी यांचा शृंगेरी श्रीनिवास इथंच भेटतो. हा शेतकरी वर्षातून एकदाच केस कापतो, आणि नेमक्या त्या दिवशी न्हाव्यापासून कुणालाच त्याच्यासाठी वेळ नसतो. शेवटी तो जंगलाकडे निघतो. पुढचं पोरांनाच वाचू द्या. इथले काही अनुवाद मात्र ओढूनताणून झालेले आहेत. शब्दांची गंमत दुसऱ्या भाषेत गेली की सांडते, चित्रातली गंमत टिकते. म्हणून चित्रांवर चालणारी पुस्तकं आधी निवडावीत.

दुसरी सोय बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. त्यात गोष्टी, कोडी, चित्रकथा, विनोद सगळं आहे. बापानं लहानपणी वाचलेला अंक पोरीला दाखवता येतो.

फोनवर वाचण्यात धोका एवढाच की वरून मेसेज पडतो आणि पोरगं व्हिडिओकडे सरकतं. म्हणून अंक किंवा पुस्तक एकदा उतरवून घ्यावं आणि वाचताना नेट बंद ठेवावं. रेंज नसलेल्या वस्तीवर तर हे आपोआपच होतं! शक्य असेल तर आठ-दहा पानी चित्रपुस्तकं तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर काळ्यापांढऱ्यात छापून, मधोमध पिन मारून शाळेत द्यावीत. फाटलं तरी कुणाला हिशेब द्यायचा नाही.

गावात शासनमान्य वाचनालय असेल तर तिथंही मागणी करता येते. पुस्तक खरेदी वाचनालयाच्या अनुदानातून होते आणि यादी साधारण मोठी माणसंच करतात, त्यामुळे चरित्रं आणि कादंबऱ्या येतात, मुलांचा रकाना शेवटी उरलेल्या पैशात. खरेदीच्या आधी ग्रंथपालांना दहा नावं लिहून द्यावीत. पुढच्या वेळी पुस्तकं निवडायला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाताना सहावी-सातवीतली दोन पोरं-पोरी सोबत न्याव्यात आणि ती कुठल्या पुस्तकासमोर उभी राहून हसतात तेवढं बघून ठेवावं. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणं झालं तर वाटेत भिलारला थांबता येईल. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालेल्या या गावात लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलीत, बालसाहित्याचीही जागा आहे आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत.