घाटात गाडी का तापते? रेडिएटरच्या फॅनचं सर्किट सोप्या भाषेत

मे महिन्यात मलकापूरहून बुलढाण्याला निघालं की मोताळ्यानंतर राजूर घाट लागतो. पारा चाळिशीपार, गाडी भरलेली, एसी चालू आणि पुढे रांगणारा ट्रक. सपाट रस्त्यावर वेगामुळे वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. घाटात वेग कमी आणि इंजिनवर ताण जास्त. अशा वेळी सगळी भिस्त रेडिएटरच्या इलेक्ट्रिक फॅनवर असते.

फॅन चालू कोण करतं?

कूलंटचं तापमान एक सेन्सर मोजतो. कूलंट तापलं की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो. त्यावरून ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, तापमान कळतं. बऱ्याच गाड्यांत साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला तो फॅन सुरू करतो आणि तापमान काही अंशांनी उतरलं की बंद करतो.

मध्ये रिले कशाला?

फॅनच्या मोटरला १०-२० अँपिअर, कधी त्याहून जास्त करंट लागतो. तेवढा भार ईसीयूला झेपत नाही. म्हणून तो फक्त रिलेच्या छोट्या कॉइलमधून थोडा करंट सोडतो. कॉइलचं चुंबक बनतं, आतले पॉइंट जुळतात आणि बॅटरीचा मोठा करंट फ्यूजमधून मोटरला मिळतो. अर्थिंगमधून सर्किट पूर्ण होतं.

फॅन फिरत नसेल तर?

लगेच मोटर बदलू नका. आधी इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. फिरला, तर मोटर बहुधा ठीक आहे. मेकॅनिकला सेन्सर आणि त्याची वायर तपासायला सांगा. नाही फिरला, तर फ्यूज, रिले, कनेक्टर, अर्थिंग आणि शेवटी मोटर, या क्रमाने बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तिथे तार जोडली तर वायरिंग पेटू शकतं.

घाटातच काटा लालवर गेला तर?

एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तसंच रेटत नेलं तर हेड गॅस्केट जाऊ शकतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, ते उसळून अंगावर येतं. फॅनजवळ हातही घालू नका. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो.

घाट चढण्याआधी दोन मिनिटं एसी लावून फॅनचा आवाज ऐका. एवढ्यानं बराच खर्च वाचू शकतो.