फीडचा रतीब लावलात का?

फॉलोअर्स भरपूर, पण तुमचं नवं काही त्यांच्यापर्यंत पोचतच नाही? मग ब्लॉग आणि पॉडकास्टसाठी फीडचा जुना, साधा आणि चकटफू मार्ग एकदा ट्राय कराच!

माझी एक मैत्रीण दिवसा आयटी कंपनीत टेस्टिंग करते आणि रात्री पुण्यातल्या जुन्या खाद्यपदार्थांवर ब्लॉग लिहिते. गेल्या वर्षी तिने पॉडकास्टही सुरू केला. दर गुरुवारी नवा एपिसोड, एकही खाडा नाही. आणि एक दिवस नाशिकच्या मावशीचा फोन आला, ‘अगं, बंद केलंस का ते सगळं? छान चाललं होतं की!’

मैत्रीण गारच पडली! मावशीने तिचं पेज कधीच लाइक करून ठेवलं होतं. पण कोणाला काय दाखवायचं हे अॅपचं अल्गोरिदम ठरवणार. त्यामुळे मावशीच्या स्क्रीनवर दुसऱ्यांची लग्नं, साड्यांचे सेल असं सगळं यायचं, भाचीचा ब्लॉग सोडून.

यावर उपाय आहे, आणि तो चांगला पंचवीस वर्षांचा आहे. त्याचं नाव आरएसएस, म्हणजेच ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’.

दूधवाला येतो तसं

दूध आणायला आपण रोज डेअरीवर जात नाही. एकदा रतीब लावला की पिशवी दाराला. फीडचंही तसंच. तुमच्या साइटवर एक छोटी फाइल असते. नवीन पोस्ट टाकली की तिचं नाव, तारीख आणि लिंक त्या फाइलमध्ये आपोआप जमा होते. वाचकाच्या फोनमधलं रीडर अॅप थोड्या थोड्या वेळाने ती फाइल तपासतं आणि नवं ते पुढ्यात आणून ठेवतं. मधे कोणी चाळणी लावत नाही आणि वाचकाला स्वतःचा ईमेलही द्यावा लागत नाही.

१९९९ मध्ये नेटस्केपने आरएसएसची पहिली आवृत्ती आणली. पुढे डेव्ह वायनर यांनी फीडमध्येच ऑडिओ फाइलचा पत्ता देण्याची सोय केली आणि त्यातून पॉडकास्ट जन्माला आला! २००५ मध्ये अॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, आणि ‘पॉडकास्ट’ हा न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा त्या वर्षीचा शब्द ठरला. आजही बहुतेक पॉडकास्ट अॅप्सच्या पोटात हीच फीड धावत असते.

मग ती मागे का पडली?

१ जुलै २०१३ ला गुगलने आपला लाडका ‘गुगल रीडर’ बंद केला. २०१८ च्या शेवटी फायरफॉक्सनेही फीड वाचायची आपली सोय काढून टाकली. ते केशरी चौकोनातलं लहरींचं चिन्ह हळूहळू दिसेनासं झालं. पण फीड मेली नाही. वर्डप्रेसवर ब्लॉग असेल तर पत्त्यापुढे ‘स्लॅश फीड’ लिहून बघा. तुमचीही फीड तिथे निवांत बसलेली असेल!

खरी गंमत पुढे आहे. बिचारा वाचक त्या लिंकवर क्लिक करतो आणि ब्राउझरमध्ये अगम्य कोडची भिंत उभी राहते. ‘साइट बिघडली वाटतं,’ म्हणत तो पळतो. म्हणून नुसती लिंक टाकून भागत नाही, हात धरून न्यावं लागतं.

हे करून बघा

• साइटवर ‘आमचा रतीब लावा’ असं एक वेगळं पान करा आणि त्याची लिंक सगळ्यात वर द्या, तळाशी बारीक अक्षरात नको.

• ब्लॉगसाठी दोनच ओळी पुरे: ‘फीडली किंवा इनोरीडर अॅप घ्या. त्यात आमच्या साइटचा पत्ता टाका.’ साइटच्या कोडमध्ये फीडचा पत्ता नोंदवलेला असेल तर अॅप ती स्वतःच शोधून काढतं.

• पॉडकास्टसाठी अॅपल पॉडकास्ट्स आणि स्पॉटिफायची बटणं द्या. सोबत फीडची लिंकही द्या. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स वापरणाऱ्यांना ती लागते.

• ‘सबस्क्राइब’ म्हटलं की लोकांना वाटतं, आता पैसे भरा! अॅपलनेही २०२१ मध्ये पॉडकास्टच्या बटणावर ‘फॉलो’ हा शब्द आणला. म्हणून ‘फुकट आहे’ हे ठळक लिहाच.

• ब्लॉगची फीड वेगळी, पॉडकास्टची वेगळी ठेवा. ज्याला फक्त ऐकायचंय त्याच्यावर वाचायची सक्ती कशाला?

घर बदललं तर?

आपण भाड्याचा फ्लॅट बदलतो तसं कधीतरी होस्टिंगही बदलावं लागतं. अशा वेळी जुनी फीड तडकाफडकी बंद केलीत, तर वर्षानुवर्षं जोडलेले श्रोते एका रात्रीत गायब! जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं रीडायरेक्ट लावा आणि ते निदान काही महिने तरी चालू ठेवा. होस्ट निवडतानाच ‘सोडून जाताना रीडायरेक्ट देणार का?’ हे विचारून घ्या. जमलं तर फीड स्वतःच्या डोमेनवरच ठेवा. गुगलचं पॉडकास्ट अॅपही २०२४ मध्ये बंद झालं, पण ज्यांची फीड शाबूत होती त्यांचे श्रोते दुसऱ्या अॅपमध्ये जाऊन तोच कार्यक्रम ऐकू शकले. अॅप येतात-जातात, पत्ता मात्र आपला हवा.

अर्थात, फीडमुळे रातोरात व्हायरल वगैरे काही होणार नाही. नवे लोक मिळवायला सोशल मीडिया लागणारच. पण आलेला माणूस टिकवायचा असेल तर रतीबच बरा.

मैत्रिणीने दिवाळीत नाशिकला जाऊन मावशीच्या फोनवर अॅप टाकून दिलं. पाच मिनिटांचं काम. परवा तापामुळे तिचा एपिसोड चुकला, तर रात्री नऊला फोन हजर, ‘आज आला नाही गं तुझा कार्यक्रम, बरी आहेस ना?’

आता बोला! इतका पक्का श्रोता कोणतं अल्गोरिदम मिळवून देईल?