चालताना पाय का भरून येतात?

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत वसलेले फैजपूर १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनामुळे देशाला परिचित झाले. या परिसरात शेत, बाजार, देऊळ ही अंतरे आजही पुष्कळदा पायीच कापली जातात. अशा ठिकाणी साठी ओलांडलेला माणूस थोडे चालताच थांबू लागला, म्हणजे "वय झाले" असे म्हणून आपण मोकळे होतो. हळूहळू त्याचे बाहेर पडणेच बंद होते. वास्तविक या तक्रारीमागे निश्चित कारण असू शकते आणि बहुतेकांच्या बाबतीत उपचारांचा प्रारंभ शस्त्रक्रियेविना करता येतो.

पाठीच्या कण्यातील पोकळ नलिकेतून पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा खाली उतरतो. वयोमानाने मणक्यांमधील चकत्या झिजतात, सांधे वाढतात, बंध जाड होतात आणि नलिका अरुंद होते. ताठ उभे राहिल्यास ती अधिकच आकसते, तर पुढे वाकल्यास किंवा बसल्यास थोडी मोकळी होते. म्हणून चालताना पाय जड होणे, मुंग्या येणे, कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ येणे आणि ओट्यावर टेकताच आराम पडणे, हे या विकाराचे वैशिष्ट्य होय. डच शल्यविशारद हेंक व्हेरबीस्ट यांनी १९५४ साली याचे सविस्तर वर्णन केले.

निदानात रुग्णाची हकिकत सर्वांत मोलाची असते. ज्याला शंभर पावले चालवत नाहीत, तोच पुष्कळदा सायकल सहज चालवतो, कारण त्या वेळी कंबर वाकलेली असते. याउलट पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला नुसते उभे राहूनही आराम मिळतो. विडी ओढणारे व मधुमेही यांत अधिक आढळतात. म्हणून पावलांवरील नाडी तपासणे अगत्याचे आहे. रात्री अंथरुणातही तळपायांची आग होत असल्यास मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांचा विचार करावा लागतो.

चुंबकीय प्रतिमा, म्हणजेच एम. आर. आय., उपयुक्त खरी. परंतु केवळ तिच्यावर निर्णय घेऊ नये. कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींच्या १९९० मधील एका अमेरिकी पाहणीत साठीपुढील सुमारे २१ टक्के व्यक्तींमध्ये नलिका अरुंद आढळली होती.

उपचारांत व्यायामाला प्रथम स्थान आहे. उताणे निजून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे व नितंबाचे स्नायू बळकट करणे, स्थिर सायकल चालविणे आणि मध्ये विसावा घेत थोडे थोडे चालणे हा क्रम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा. काठीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात. त्यांच्या दीर्घ सेवनाने मूत्रपिंडास व जठरास अपाय होतो. कण्यातील स्टिरॉइड इंजेक्शनांचा लाभ मर्यादित आहे. २०१४ साली ४०० रुग्णांवरील चाचणीत, भूल देणाऱ्या औषधात स्टिरॉइड मिसळल्याने सहा आठवड्यांनंतर विशेष अधिक गुण आला नाही.

शस्त्रक्रियेस संमती दिलेल्या १६९ रुग्णांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया व भौतिकोपचार या दोन्ही गटांतील रुग्णांची हालचालीची क्षमता जवळजवळ सारखी होती. मात्र भौतिकोपचार गटातील निम्म्याहून अधिक जणांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून शस्त्रक्रियेचे भय नको आणि घाईही नको. तिच्यासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

काही लक्षणांत मात्र विलंब घातक ठरतो. लघवी तुंबणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेतील व बैठकीच्या भागातील संवेदना नाहीशी होणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचा गावातील घराघरांशी परिचय असतो. पारावर नित्य दिसणारे एखादे वडीलधारे माणूस दिसेनासे झाले, तर त्याची विचारपूस करावी. "किती चालल्यावर थांबावे लागते आणि बसल्यावर बरे वाटते काय?" एवढा साधा प्रश्नही त्याला योग्य उपचारांच्या वाटेवर आणू शकेल.