गाडी मिसिंग मारतेय? पार्ट बदलण्याआधी हे वाचा



धंदा सुरू करायचा म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण पहिली गाडी जुनीच घेतात. डबे पोचवायचे असोत, भाजी आणायची असो, मंडपाचं सामान असो. नवीन गाडीचा हप्ता परवडत नाही आणि जुनी मारुती ओम्नी अजूनही गल्लीबोळात जाते, कमी जागेत वळते, कुठल्याही गावात तिचा मिस्त्री सापडतो. मीही तेच केलं होतं. एलपीजी किट बसवलेली, कार्बोरेटरवाली जुनी ओम्नी घेतली आणि साठ डबे एमआयडीसीत पोचवायला लागलो.

चौथ्या महिन्यात गाडी मिसिंग मारायला लागली. सिग्नलला उभी राहिली की अख्खी बॉडी थरथरायची, स्टीलचे डबे मागे खणखण वाजायचे. चढावर पिकअप नाही. गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बोनेटकडे बघितलंसुद्धा नाही, बघायचं कारणही नव्हतं म्हणा, ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, दोन वेळा ॲक्सिलरेटर दिला आणि म्हणाला, "प्लग गेलेत साहेब." प्लग बदलले. आठ दिवस गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. मग प्लगच्या वायरी. मग कॉईल. मग कार्बोरेटर उतरवून साफसफाई. प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं आणि आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. माझ्या वहीत त्या दीड महिन्यात ७,४०० रुपये गाडीच्या नावावर लिहिलेत. पण खरा खर्च तो नव्हता. दोनदा डबे पाऊण तास उशिरा पोचले आणि एका कारखान्याने बावीस डबे एकदम बंद केले.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी मला विचारलं, "मिसिंग कधी होतं? थंड गाडीला, गरम गाडीला, पावसात, की चढावर?" दीड महिन्यात हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

तुम्ही गाडीमालक असा किंवा उद्या स्वतःचं गॅरेज टाकणार असा, सुरुवात इथूनच करा. फक्त पावसात किंवा सकाळच्या दवात मिसिंग होत असेल तर संशय वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर घ्यायचा. ओलाव्यामुळे करंट प्लगपर्यंत न जाता वाटेतच बॉडीला उतरतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून सीट उचला आणि नुसतं बघत बसा, हात लावू नका. वायर फुटली असेल तर निळी ठिणगी नाचताना डोळ्याने दिसते. चढावर, भरलेल्या गाडीलाच झटके येत असतील तर ठिणगी कमजोर असेल किंवा पेट्रोल पुरत नसेल. फिल्टर चोंदलाय का बघा. नुसत्या आयडलिंगला थरथरत असेल आणि वेग घेतल्यावर सुधारत असेल तर कुठेतरी जादा हवा ओढली जातेय का ते तपासा. जुन्या गाडीत रबरी व्हॅक्यूम पाइप तडकतात, कान दिला तर सूं-सूं ऐकू येतं.

मग सायलेन्सरमागे उभं राहायचं. हाताच्या अंतरावर कागदाचा तुकडा धरा. कागद एका ठरावीक तालात अडखळत असेल तर एकच सिलिंडर काम करत नाही. ताल नसेल, मनाला येईल तेव्हा अडखळत असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी आहे, म्हणजे कॉईल, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, पेट्रोल. ओम्नीला तीनच सिलिंडर, ७९६ सीसीचं इंजिन. त्यातलं एक बसलं की एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून ही गाडी एवढी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत तेवढं जाणवत नाही.

माझ्या गाडीचा कागद तालात अडखळत होता. आता तिघांपैकी कोण, हे शोधायचं. मिस्त्रींनी इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची टोपी काढून लगेच परत लावली. पहिली काढली, इंजिन बंद पडायला आलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, काहीच फरक नाही. जो माणूस कामालाच येत नव्हता तो रजेवर गेला तर कारखान्याला काय कळणार?

इथे एक सूचना गांभीर्याने घ्या. ही टोपी काढायची पद्धत जुन्या कार्बोरेटरच्या गाडीपुरतीच. एमपीएफआय गाडीत चालू इंजिनवर प्लगची टोपी काढू नका. शॉक बसतो तो बसतोच, कॉईल आणि कंट्रोलरही उडू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. तिथे इंजेक्टरचा कनेक्टर काढून हीच तपासणी करतात. ओबीडी स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं. पी०३०१ कोड आला तर पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, पी०३०० म्हणजे कुठलाही एक नक्की नाही. पण लक्षात घ्या, स्कॅनर फक्त "कुठे" सांगतो, "का" सांगत नाही. पी०३०१ दिसला आणि पहिला प्लग बदलून मोकळे झालात तर तुम्हीही माझ्या पहिल्या गॅरेजवाल्यासारखेच.

सिलिंडर सापडल्यावर प्लग काढून बघायचा. तोंडाचा रंग फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट ओला असेल तर ऑईल वर येतंय, हे मोठं काम. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीच पडत नसणार. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय.

मग अदलाबदल. ही युक्ती फुकट आहे, म्हणूनच बहुतेक जण करत नाहीत. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. मिसिंग दुसऱ्याकडे गेलं तर प्लग दोषी. नाही गेलं तर वायरीची अशीच अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर काय बदललं म्हणून फरक पडला ते कळणार नाही. माझ्या गाडीत प्लग फिरवले, वायरी फिरवल्या, मिसिंग तिसऱ्यातच ठाण मांडून बसलेलं.

आता उरलं काम्प्रेशन. इंजिन गरम केलं, गॅस आणि पेट्रोल बंद, कॉईलचं कनेक्शन काढलं, तिन्ही प्लग बाहेर. गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. पहिला ११, दुसरा ११, तिसरा ६. मग मिस्त्रींनी तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. तो सहावरच राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते तर हेड गॅस्केट संशयात आलं असतं.

एवढं सगळं व्हायला अर्धा तास लागला असेल.

हेड उतरवल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळालेला निघाला. एलपीजीवर पळणाऱ्या जुन्या इंजिनात हा आजार ओळखीचा आहे. व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत होत संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कड जळते. नव्या प्लगने आठ दिवस बरं का वाटायचं, तेही मिस्त्रींनी सांगितलं. गळक्या सिलिंडरमध्येही चांगली ठिणगी काही दिवस कसंबसं भागवते. म्हणजे आजार वाढत होता आणि मी ताप उतरायची गोळी घेत होतो. पहिल्या आठवड्यात टॅपेट सेट करून घेतले असते तर हेड उतरवायची वेळ बहुधा आली नसती.

ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी धंद्याची गोष्ट यातच आहे. त्या मिस्त्रींनी तपासणीचे पैसे वेगळे घेतले आणि ते आधीच सांगितले. तिन्ही आकडे कागदावर लिहून दिले. जळका व्हॉल्व्ह पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी घासाघीस केली नाही. पुढे चार जणांना त्यांच्याकडे पाठवलं, त्यातल्या दोघांच्या गाड्या अजून तिथेच जातात. पहिल्या गॅरेजवाल्याने माझ्याकडून जास्त पैसे कमावले हे खरं, पण एकदाच. "तपासायचे पैसे कोण देतं?" असं मला ट्रेनिंगमध्ये मुलं विचारतात. न मोजता पार्ट बदलणाऱ्याला कोणी देत नाही. मोजून दाखवणाऱ्याला देतात.

आणि ज्यांना जुनी गाडी घ्यायचीय त्यांनी विकणाऱ्याला एवढंच विचारा, "काम्प्रेशन चेक केलं तर चालेल ना?" त्याचा चेहरा बघा. गॅसवर चाललेली गाडी असेल तर टॅपेट शेवटचे कधी सेट केले तेही विचारा आणि थंड इंजिन सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. तीन आकड्यांत मोठा फरक निघाला तर गाडी सोडायलाच हवी असं नाही. हेडच्या कामाचा अंदाज मिस्त्रीकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून मागा.

ते बावीस डबे काही परत आले नाहीत. मीही नंतर विचारायला गेलो नाही, लाज वाटली. पण तेव्हापासून गाडीची वही वेगळी ठेवतो: तारीख, किलोमीटर, काय बदललं, का बदललं. "का" चा रकाना रिकामा असेल तर बिल देत नाही.

पुढच्या व्हिडिओत ओम्नीची सीट उचलून टॅपेट कसे सेट करायचे ते दाखवतोय. फिलर गेज आणून ठेवा, आणि गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या.